फुटबॉलवाल्या पोरांना बास्केटबॉलचे नियम कसे सांगायचे?

शाहूपुरीची_सून | रविवार, रात्री ९.१०

मंडळी, जरा मदत करा.

इथं कोल्हापुरात आमच्या अपार्टमेंटच्या मागं एक बास्केटबॉल कोर्ट आहे. बिल्डरच्या माहितीपत्रकात होतं, म्हणून आहे. आठ वर्षं तिथं गाड्या लागल्या, पापड वाळले, गणपतीत मांडव पडला. या मे महिन्यात सोसायटीनं रंग मारून घेतला, दोन्ही खांबांना नव्या जाळ्या लावल्या आणि मीटिंगमध्ये कुणीतरी बोललं, "वहिनी शाळेत खेळायच्या ना?" झालं! मी आठवी-नववीत दोन वर्षं टीममध्ये होते, त्यातलं दीड वर्ष बाकावर. पण आता रोज सकाळी साडेसहाला चौदा पोरं दारात उभी असतात.

पोरं आठ ते बारा वर्षांची, पाच मुली आणि नऊ मुलगे. सगळी फुटबॉलवर वाढलेली. बॉल आला की आधी पाय पुढं जातो. बाहेरून बॉल टाकायचा तर दोन्ही हात डोक्यामागं. बॉल रेषेवर पडला की सगळी एका सुरात, "लाईनवर हाय, आत हाय!" हातात बॉल मिळाला की तो पोटाशी धरून जी पळत सुटतात, ती थेट पार्किंगपर्यंत. आणि दोघांनी एकदम बॉल धरला की खासबागेतली कुस्ती सुरू.

काल मोबाइलवर वाचून त्यांना नियम सांगायला बसले. २४ सेकंद, ८ सेकंद, ५ सेकंद, ३ सेकंद. एक जण विचारतो, "काकू, हा खेळ हाय का पाढं?"

दोन रविवारांनी पालकांसमोर मॅच ठेवली आहे. कुठले नियम आधी सांगू, कुठले नंतर, आणि कुठल्यांचं नावच काढू नको?

---

झणझणीत_कट | रविवार, रात्री ९.२२

वैनी, कशाला टेन्शन घेताय. हातानं खेळायचा फुटबॉल, संपला विषय. ऑफसाइड नाही हे एवढं सांगा, पोरं खूश होतील.

बाकी शाहू स्टेडियमवर फुटबॉलची मॅच असली तर त्या दिवशी क्लास ठेवू नका. कोण येणार नाही. मीपण नाही.

---

रेषेबाहेर | रविवार, रात्री ९.४८

मूळ मंगळवार पेठ, सध्या मुक्काम न्यू जर्सी. इथं माझी मुलगी खेळते, म्हणून पटकन लिहितो. १२ मिनिटांचे ४ क्वार्टर. ६ फाउल झाले की खेळाडू बाहेर. बास्केटखालच्या रंगवलेल्या भागात कुणीच, म्हणजे बचाव करणाऱ्यानंसुद्धा, ३ सेकंदांपेक्षा जास्त उभं राहायचं नाही. लांबून टाकला तर ३ गुण, जवळून २, फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारी मोकळी फेक) १.

---

निवृत्त_शिट्टी | रविवार, रात्री १०.३५

रेषेबाहेर, तुम्ही लिहिलंत ते एनबीएचं, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचं. आपल्याकडं शाळेपासून राष्ट्रीय स्पर्धांपर्यंत फिबाचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचे, नियम चालतात. १० मिनिटांचे ४ क्वार्टर, ५ फाउलला बाहेर. बचाव करणारा बास्केटखाली दिवसभर उभा राहिला तरी हरकत नाही. ३ सेकंदांचं बंधन फक्त ज्यांच्याकडं बॉल आहे त्यांच्यावर. गुणांचं तुमचं बरोबर.

आता ताई, तुमच्याकडं वळतो. मी ३१ वर्षं शाळेत पी.टी. शिकवली आणि जिल्ह्यात शिट्टी वाजवली. माझ्या मते मुलांना पहिल्या आठवड्यात एकच नियम सांगावा: बॉल हातात घेऊन पळायचं नाही.

हा खेळच त्या नियमातून निघालाय. १८९१ चा डिसेंबर, अमेरिकेतलं स्प्रिंगफील्ड. बाहेर बर्फ, आणि आत व्यायामशाळेत कवायतीला कंटाळलेले अठरा दांडगे विद्यार्थी. त्यांना गुंतवायचं काम जेम्स नेस्मिथ या शिक्षकाकडं आलं. (तुमची अवस्था त्याच्यापेक्षा बरी, तुमच्याकडं चौदाच आहेत.) त्यानं विचार केला की मैदानी खेळांत धसमुसळेपणा होतो, कारण बॉल घेऊन पळणाऱ्याला पाडावंच लागतं. पळूच दिलं नाही तर पाडायचं कारणच उरत नाही. आणि गोल जमिनीवर ठेवला तर लोक जोरात मारतात. डोक्यावर टांगला तर अलगद टाकावा लागतो. शिपायाकडं खोकी मागितली, त्यानं पीच फळांच्या दोन करंड्या आणून दिल्या. गॅलरीच्या कठड्याला ठोकल्या. कठडा दहा फुटांवर होता, म्हणून रिंग आजही दहा फुटांवर, म्हणजे ३.०५ मीटर. नऊ विरुद्ध नऊ, तेरा नियम, आणि बॉल फुटबॉलचा. करंडीला बूड असल्यामुळं गोल झाला की बॉल काढायला शिडी लागायची.

पहिली मॅच १-० सुटली. तेव्हा तुमच्या पोरांनी पहिल्या दिवशी एकच बास्केट केलं तरी वाईट वाटून घेऊ नका.

त्या तेरा नियमांत ड्रिबलिंग नव्हतंच. जिथं बॉल मिळाला तिथून फेकायचा. टप्पा मारत पुढं जाणं खेळाडूंनी नंतर शोधलं. म्हणून तुम्हीही पहिले दोन दिवस ड्रिबल बंद ठेवा. नुसते पास. बॉल मिळाला की थांब, बघ, दे. पोटाशी धरून पार्किंगपर्यंत पळणं आपोआप सुटेल.

---

शाहूपुरीची_सून | रविवार, रात्री १०.५०

सर, हे फारच उपयोगी आहे. शिडीची गोष्ट उद्याच सांगते. "थांब" म्हटल्यावर पोरं थांबतात खरी, पण मग दोन्ही पाय गोंद लावल्यासारखे चिकटवून उभी राहतात. एक पाय हलवता येतो हे कसं समजावू? पिव्होट म्हटलं की चेहरे कोरे.

---

आज्जीचा_बटवा | सोमवार, सकाळी ६.०५

मी बास्केटबॉल खेळले नाही, मी खो-खोतली. पण नातीला शिकवताना मास्तर जे दाखवत होते ते बघून मी तिला म्हटलं, अगं हे तर जातं. खालची तळी हलत नाही, मधला खुंटा जागचा सुटत नाही आणि वरची पाळी त्याच्याभोवती गरगर फिरते. एक पाय खुंटा, दुसरा पाय पाळी. खुंटा उपटला की पीठ सांडलं.

आताच्या पोरांनी जातं लग्नात हळदीलाच बघितलेलं असतं म्हणा. त्यांना कंपासपेटीतला कंपास दाखवा. टोक रुतलेलं, पेन्सिल फिरती.

---

झणझणीत_कट | सोमवार, सकाळी ८.१५

आज्जी, खुंटा उपटला की पीठ सांडलं!! नाद खुळा. हे स्टेटसला टाकतोय.

---

अकरावी_गल्ली | सोमवार, दुपारी १.४०

मी कॉलेजच्या टीममधून खेळतो. काकू, खुंटा कुठला पाय हे आधी ठरतं, ते सांगायला विसरू नका. उभ्या उभ्या बॉल घेतला तर कुठलाही पाय खुंटा करता येतो. एक उचलला की दुसरा आपोआप खुंटा. ड्रिबल सुरू करायचं तर खुंट्याचा पाय उचलण्याआधी बॉल हातातून सुटला पाहिजे. पोरं नेमकी इथंच चुकतात. आधी पाऊल, मग टप्पा.

पळता पळता बॉल मिळाला तर वेगळं. २०१७ पासून फिबानं ते मोकळं केलंय. बॉल हातात आला त्या क्षणी जमिनीवर जो पाय असेल ते पाऊल शून्य. त्यापुढं एक, दोन, आणि आता शॉट किंवा पास. रील्समध्ये बघून पोरं विचारतातच, "तो तीन पावलं चालला, शिट्टी का नाही?" त्यातलं पहिलं शून्य असतं, म्हणून.

---

निवृत्त_शिट्टी | सोमवार, दुपारी ३.१०

अकरावी गल्ली, नियम बरोबर सांगितलास. पण नऊ वर्षांच्या पोराला शून्य पाऊल सांगितलंस तर ते शून्य, अर्धं, पाऊण असं मोजत बसेल. "एक-दोन-टाक" एवढंच शिकवावं. लेअपचा, म्हणजे पळत येऊन बास्केटजवळून टाकायच्या शॉटचा, ताल तोच आहे.

---

अकरावी_गल्ली | सोमवार, दुपारी ३.२५

सर, पण चुकीचं शिकवून पुढं ते मोडायला जास्त त्रास होतो. आम्हाला शाळेत कडक दोन पावलं शिकवली, आणि अजून पाय अडखळतात. समोरचा शून्य वापरून अर्धा मीटर पुढं गेलेला असतो.

---

निवृत्त_शिट्टी | सोमवार, रात्री ९.००

दुपारी नातवाला मोबाइलवर सावकाश लावून दाखवायला सांगितलं आणि तीन वेळा बघितलं. तू म्हणतोस त्यात तथ्य आहे. ताई, शून्याचं नाव काढू नका, पण त्या पावलावर शिट्टीही वाजवू नका. दोघांचंही राहील.

एवीतेवी कबुली द्यायला बसलोच आहे, तर ऐका. आम्ही शिट्टी धरली तेव्हा शॉटसाठी ३० सेकंद होते, अर्धं कोर्ट ओलांडायला १०, आणि २० मिनिटांचे दोन हाफ. २००० साली ते २४, ८ आणि चार क्वार्टर झाले. पहिलं वर्षभर माझ्या तोंडी "तीस" च यायचं. खेळाडूंच्या पाठीवरचे नंबर ४ ते १५ असायचे. १, २, ३ का नाहीत, तर रेफरी बोटांनी गुण दाखवतो, घोळ नको, असं आम्हाला सांगितलं होतं. आता ० पासून ९९ पर्यंत काहीही चालतं.

सेकंदांतला एकही आकडा तुमच्या पहिल्या मॅचला नको. घड्याळ बघायला माणूस कुठून आणणार? फक्त "बास्केटखाली तळ ठोकायचा नाही" एवढं सांगा. ३ सेकंदांचं काम झालं.

---

रेषेबाहेर | सोमवार, रात्री ९.३०

सर, २४ सेकंदांची गोष्ट पोरांना आवडेल. एनबीएत १९५० साली एक मॅच १९-१८ अशी संपली, कारण एक टीम बॉल नुसता धरून बसली. प्रेक्षक कंटाळले. मग १९५४ साली सिराक्यूज टीमच्या मालकानं हिशेब मांडला: रंगलेल्या मॅचमध्ये दोन्ही टीमचे मिळून साधारण १२० शॉट होतात. मॅच ४८ मिनिटांची, म्हणजे २८८० सेकंद. भागिले १२०. उत्तर २४.

"खेळ हाय का पाढं" म्हणणाऱ्याला सांगा, भागाकारपण हाय.

---

शाहूपुरीची_सून | मंगळवार, सकाळी १०.१५

सांगितला. तो म्हणाला, "आमच्यात २४ सेकंदात कोण बॉल सोडतंय, मारामारीच होते."

आता फाउलचं सांगा. काल एकानं दुसरीला असा खांदा दिला की ती कुंपणाच्या मेंदीत. वर म्हणतो, "खांद्याला खांदा चालतो."

---

झणझणीत_कट | मंगळवार, सकाळी १०.४०

चालतोच की वैनी. बॉलवर जाताना खांद्याला खांदा हा पेठेतल्या फुटबॉलचा जन्मसिद्ध हक्क आहे.

---

निवृत्त_शिट्टी | मंगळवार, दुपारी १२.२०

कट, तुमचा हक्क फुटबॉलच्या मैदानावर. बास्केटबॉलमध्ये नाही. नेस्मिथच्या मूळ तेरांतही खांदा देणं, धरणं, ढकलणं, पाय घालणं, मारणं यांना बंदी होती. दुसऱ्यांदा केलं की पुढचा गोल होईपर्यंत खेळाडू बाहेर.

मुलांना असं सांगावं. तू जिथं उभा आहेस, तिथं तुझ्याभोवती पाण्याच्या टाकीसारखं एक गोल नळकांडं आहे. ते जमिनीपासून आभाळापर्यंत तुझं. त्यात सरळ वर उडी मार, हात सरळ वर कर, कुणी येऊन आपटलं तर चूक त्याची. पण हात पुढं वाकवून दुसऱ्याच्या टाकीत घातलास की चूक तुझी. आणि आधी कोण येऊन उभं राहिलं हे बघायचं. बचाव करणारा आधीच येऊन समोर उभा असेल आणि बॉलवाला त्याच्या छातीवर गेला, तर फाउल बॉलवाल्याचा. हे ऐकून मुलं चकित होतात. त्यांना वाटतं फाउल नेहमी बचाव करणाऱ्याचाच.

दुसरं म्हणजे, सगळ्याला "फाउल" म्हणायची सवय लागू देऊ नका. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पावलं चुकली, दोन हातांनी टप्पा मारला, एकदा ड्रिबल थांबवून परत सुरू केलं, मुद्दाम पाय लावला, ते व्हायोलेशन. त्यात कुणाला लागलेलं नाही, फक्त बॉल दुसऱ्या टीमला बाहेरून मिळतो. अंगाला अंग लागून दुसऱ्याचं नुकसान झालं तर फाउल, आणि तो नावावर लिहिला जातो. पाच झाले की उरलेल्या मॅचला बाकावर. रेफरीचा हातही त्याप्रमाणं: व्हायोलेशनला उघडा पंजा वर, फाउलला मूठ वर. पावलं चुकली की दोन्ही मुठी एकमेकींभोवती फिरवायच्या. डबल ड्रिबलला तळवे खाली करून हवेत थापट्या.

या खुणा मुलांना करायला द्या. दर मॅचला एक मूल रेफरी. जी पोरं नियम ऐकत नाहीत ती शिट्टी गळ्यात पडली की वकील होतात.

---

कुंपणावरचं_मांजर | मंगळवार, दुपारी १२.४५

गेले तीन दिवस नुसती वाचतेय. एक विचारू का? शॉट मारताना फाउल झाला तर किती फ्री थ्रो? आमच्याकडं यावरून भाऊ-बहिणीत रोज महायुद्ध.

---

अकरावी_गल्ली | मंगळवार, दुपारी १.३०

बास्केट झाली तर ती धरायची, वर एक फ्री थ्रो. हुकली तर दोन. तीन गुणांच्या रेषेबाहेरून मारताना झाला असेल तर तीन. शॉट मारत नसताना फाउल झाला तर नुसता बाहेरून बॉल. पण एका क्वार्टरमध्ये टीमचे मिळून चार फाउल झाले की पाचव्यापासून दोन फ्री थ्रो. आणि फ्री थ्रोला पाच सेकंद मिळतात, त्यात नाचून झालं पाहिजे.

---

शाहूपुरीची_सून | मंगळवार, रात्री १०.००

आज रेषेवरून भांडण. "लाईनवर म्हंजे आत" सोडायला कुणी तयार नाही. मी ठाम राहिले, पण बरोबर आहे ना?

---

निवृत्त_शिट्टी | बुधवार, सकाळी ७.१०

बरोबर आहे. फुटबॉलमध्ये रेष मैदानाचा भाग, पूर्ण बॉल पलीकडं गेल्याशिवाय बाहेर नाही. इथं रेष म्हणजे बाहेरची जमीन. बॉल टेकला किंवा बॉलवाल्याची टाच टेकली की गेला. मात्र हवेत असेल तर बाहेर नाही. आतून उडी मारून बाहेरचा बॉल आत ढकलला तर टाळ्या वाजवायच्या. तीन गुणांच्या रेषेचंही तेच, पाय रेषेवर म्हणजे दोनच. बॉल बोर्डाच्या मागच्या बाजूला किंवा खांबाला लागला तरी बाहेर. पुढच्या बाजूला लागला तर खेळ चालू.

बाहेरून बॉल टाकताना डोक्यामागून हात आणायची गरज नाही, एका हातानं टाकला तरी चालतो. पाच सेकंदांत टाकायचा.

---

झणझणीत_कट | बुधवार, सकाळी ८.००

आणि ते दोघांनी बॉल धरून कुस्ती? निकाली करायची का गुणांवर?

---

निवृत्त_शिट्टी | बुधवार, सकाळी ८.२०

बरोबरीत सोडायची. दोघांचे हात घट्ट बसले की शिट्टी. सुरुवातीला मध्ये बॉल उडवला, तो ज्यांना मिळाला नाही त्यांच्या दिशेनं टेबलावर एक बाण ठेवायचा. पहिल्या कुस्तीला बॉल त्यांचा. मग बाण उलटा, पुढची कुस्ती दुसऱ्यांची. टेबलावर चपलेचा अंगठा फिरवून ठेवला तरी चालतो. कोल्हापुरी असेल तर उत्तम, टोक स्पष्ट दिसतं.

आणि बॉल घेऊन खाली पडलेल्या पोरावर लगेच शिट्टी मारू नका. पडणं, घसरणं चालतं. बॉल हातात ठेवून लोळलं किंवा उठायला गेलं की मग पावलं.

---

आज्जीचा_बटवा | बुधवार, सकाळी ९.१५

अर्धी रेष ओलांडून बॉल पुढं नेला की मागं आणायचा नाही, हा नियम नातीला एका वाक्यात कळला. खो-खोत एकदा दिशा घेतली की मागं फिरता येत नाही, तसं.

आणि सूनबाई, आधी नखं तपासा. मग हातातली कडी, गंडे, पैंजण, कानातलं सगळं उतरवून एका डब्यात. मुलगे कडं काढायला नाही म्हणतील, ऐकू नका.

---

शाहूपुरीची_सून | गुरुवार, रात्री ९.३०

आज्जी, डबा केला. श्रीखंडाचा. दोन कडी, चार गंडे, एक शार्कचा दात (प्लॅस्टिकचा).

आता खरी अडचण. आठ वर्षांच्या पोरांचा बॉल रिंगपर्यंत पोचतच नाही. दोन्ही हातांनी खालून, बादलीतलं पाणी फेकल्यासारखा टाकतात. आणि बॉल मोठ्यांचा आहे, माझ्या नवऱ्याच्या कॉलेजचा.

---

निवृत्त_शिट्टी | गुरुवार, रात्री १०.१०

हे आधी विचारायला हवं होतंत. चूक माझीही, मी नियम सांगत बसलो.

बारा वर्षांखालच्यांसाठी मिनी-बास्केटबॉल असतं. रिंग २.६० मीटरवर, म्हणजे साडेआठ फुटांना जरा वर. बॉल ५ नंबरचा. पुरुषांचा ७, स्त्रियांचा ६. सातचा बॉल सहाशे ग्रॅमच्या आसपास, पाचचा पाचशेच्या आत. शंभर-सव्वाशे ग्रॅम म्हणजे आपल्याला काही वाटत नाही, पण आठ वर्षांच्या मनगटाला तो फरक नारळ आणि मोसंबीचा. ही कल्पनाही अमेरिकेतल्या स्क्रँटनमधल्या जे आर्चर या माणसाची, १९५० सालची. मोठ्या बॉलनं आणि उंच रिंगवर मुलं ताकद लावायला शिकतात, नेम धरायला नाही. पुढं तो बादलीवाला हात मोडता मोडत नाही.

सिमेंटचं कोर्ट आहे तर रबरी बॉल घ्या. कातडी महिन्याभरात सोलून निघतो.

---

अकरावी_गल्ली | गुरुवार, रात्री १०.३०

+१. काकू, बास्केटखाली रंगवलेला चौकोन समलंब आहे का? खाली रुंद, वर अरुंद? तसा असेल तर पेंटरनं जुन्या खुणांवरूनच रंग मारलाय. २०१० पासून तो सरळ आयत आहे. तीन गुणांची रेषही तेव्हा ६.२५ वरून ६.७५ मीटरवर गेली.

---

शाहूपुरीची_सून | गुरुवार, रात्री १०.४०

समलंबच आहे. 😭 रंग मारून तीन आठवडे झालेत. राहू दे, भूमितीच्या तासाला उपयोग होईल.

रिंग खाली कशी घेऊ? खांब काँक्रीटमध्ये आहेत.

---

झणझणीत_कट | शुक्रवार, सकाळी ७.३०

वैनी, तुम्ही कुठल्या गावात राहता? उद्यमनगरात जावा. तिथं इंजिनाचा ब्लॉक ओतून देतात, तुमची रिंग कोण विचारतंय. माझा मित्र आहे, फॅब्रिकेशनचं बघतो. रिंगचं माप सांगा, दोन करून आणतो. खांबाला क्लॅम्प मारून खालच्या अंगाला लावू, वरची तशीच राहू दे मोठ्यांना.

---

निवृत्त_शिट्टी | शुक्रवार, सकाळी ७.५५

आतला व्यास ४५ सेंटीमीटर. मागं छोटा का होईना, बोर्ड पाहिजे, प्लायवूडचा चालेल.

---

झणझणीत_कट | शनिवार, संध्याकाळी ७.१५

झालं काम. दोन रिंगा, दोन बोर्ड, नारिंगी रंगपण मारला. पैसे घेतले नाहीत, पोरांसाठी आहे म्हणला. ५ नंबरचे दोन बॉल मी आणलेत. आणि हां, मी अर्धा तास खेळून बघितलं. खांदा लावायचा नाही म्हंजे लई अवघड खेळ आहे राव.

---

शाहूपुरीची_सून | पुढचा रविवार, सकाळी ११.५०

आज मॅच. हातातलं काम टाकून लिहितेय.

सहा-सहा मिनिटांचे चार क्वार्टर. एक टीम सातची, एक सहाची. बदली खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करता येतात, म्हणून मी घरचा नियम केला की प्रत्येकानं किमान दोन क्वार्टर खेळायचं. मेंदीत पडलेली ती मुलगी रेफरी होती. तिनं खांदा देणाऱ्याला पहिल्या पाच मिनिटांत दोन फाउल दिले आणि मूठ इतकी उंच धरली की त्याची आईसुद्धा हसली. पावलांना शिट्टी नव्हती, मोठ्यानं मोजणं होतं. दुसऱ्या क्वार्टरपर्यंत प्रेक्षकच "एक! दोन! टाक!" ओरडायला लागले.

मग मध्यंतर. टीमनी बाजू बदलल्या. तिसऱ्या मजल्यावरचा छोटू, वय आठ, टीममध्ये सगळ्यात लहान. सुरुवात होताच त्याला बॉल मिळाला. समोर कुणी नाही. सुंदर ड्रिबल, मान वर, एक-दोन-टाक. आत! आयुष्यातली पहिली बास्केट. आपल्याच रिंगमध्ये.

त्याची टीम कपाळाला हात लावून. तो मात्र विमानासारखे हात करून पार्किंगपर्यंत पळून आला.

वहीत काय लिहायचं ते मला कळेना. मी समोरच्या टीमला दोन दिले. बरोबर ना?

---

निवृत्त_शिट्टी | रविवार, दुपारी १२.०५

अगदी बरोबर. चुकून आपल्याच बास्केटमध्ये गेला तर विरुद्ध टीमला दोन गुण, आणि वहीत ते त्या वेळी कोर्टवर असलेल्या त्यांच्या कप्तानाच्या नावावर. मुद्दाम टाकला असता तर गुण धरलेच नसते, व्हायोलेशन झालं असतं.

---

कुंपणावरचं_मांजर | रविवार, दुपारी १२.१०

म्हणजे वहीत छोटूचं नाव कुठंच नाही? 🙁

---

शाहूपुरीची_सून | रविवार, दुपारी १२.१४

आहे. मी समासात लिहिलंय. रेफरीबाईंनी बघितलं, पण काही बोलल्या नाहीत.

सर, आणखी एक. चौथ्या क्वार्टरला १२-१२ असताना बॉल नव्या रिंगच्या आणि बोर्डाच्या मध्ये जाऊन अडकला. मी बाण बघून छोटूच्या टीमला बॉल दिला.

---

निवृत्त_शिट्टी | रविवार, दुपारी १२.२०

तोच नियम. अडकला की बाण. पण अडकला कसा? रिंगची आतली कड बोर्डापासून १५ सेंटीमीटरवर असते आणि मध्ये पत्रा असतो. कट, तुमच्या मित्रानं किती ठेवलंय?

---

झणझणीत_कट | रविवार, दुपारी १२.३१

व्यास ४५ सांगितलात. मधलं माप कोण सांगितलंच नाही. त्यानं दोन सळ्या टाकून वीतभर ठेवलंय, दिसायला बरं म्हणून. उद्या पत्रा मारून घेतो.

मग शेवटी १२-१२ च?

---

शाहूपुरीची_सून | रविवार, दुपारी १२.३८

माहीत नाही, दोन मिनिटं शिल्लक आहेत. दुसरा बॉल चौथ्या क्वार्टरच्या सुरुवातीलाच दुसऱ्या रिंगमध्ये असाच अडकलाय, आणि वॉचमनकाका शिडी आणायला गेलेत.